चूलबंद आवतण

३ नोव्हेंबर, वाघोली

अस्मिता,

माझं सगळं बदललं ते सरोजिनीबाईंनी चष्मा काढला त्या क्षणाला. त्याआधी मी यशस्वी माणूस होतो.

नारायण पेठेतल्या आपल्या संस्थेच्या ऑफिसात, सकाळी सव्वाअकराला, बाईंनी माझ्या सभेची हजेरी वरून खाली वाचली. साठ नावं. मग खालून वर वाचली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "इंद्रजीत, बोत्रे, बोत्रे, बोत्रे आणि बोत्रे. ही नागरिकांची सभा होती की साखरपुडा?"

तू खिडकीपाशी उभी होतीस. मला वाटलं तू हसशील आणि विषय तिथेच मिटेल. तू म्हणालीस, "बाई, मी हे आहे तसं दिल्लीला कळवते." त्यावर मी जे बोललो ते बोललो. इथे परत लिहीत नाही. तुझ्या लक्षात असेलच. खालच्या स्टेशनरीवाल्याच्याही आहे, तो अजून मला जिन्यात अंग चोरून वाट करून देतो.

दुसऱ्या दिवशी तू भोपाळला गेलीस, तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला. जाणारच होतीस म्हणे. फोनवर मी ब्लॉक, व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक, इन्स्टावर ब्लॉक. पैसे पाठवायच्या अ‍ॅपवरून मी तुला एक रुपया पाठवला आणि खाली 'सॉरी' लिहिलं, तर तिथेही ब्लॉक. रुपया मात्र ठेवून घेतलास. म्हणून आता पत्र. वसतिगृहाचा पत्ता बाईंच्या टपालाच्या वहीतून घेतला. चोरला नाही, वही उघडीच होती.

तर दिल्लीचं उत्तर आलं. अनुदान देणाऱ्या त्या संस्थेनं फार सभ्य भाषेत लिहिलंय की हे अनुदान महापालिकेच्या निर्णयात नागरिकांना सामील करून घेण्यासाठी आहे, एका कुटुंबाला नव्हे. 'एका कुटुंबाला नव्हे' हे ठळक अक्षरांत. डिसेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत सभा पुन्हा घ्यायची. एका भावकीची दहाच्या वर माणसं नकोत. निम्म्या तरी बायका हव्यात. भाडेकरू हवेत, रोज कामाला येणारे हवेत. आणि प्रत्येकानं आपलं मत आपल्या हातानं द्यायचं. नाही जमलं तर वाघोली यादीतून बाद. मग सभा ठरवेल ते एक काम अंदाजपत्रकात घालू असं क्षेत्रीय कार्यालयानं जे लेखी दिलंय, तो कागद भेळेला. आणि अनुदानाच्या अर्जावर सही तुझी आहे, हे बाईंनी मला दोनदा सांगितलं. एकदा पुरलं असतं.

आता चूक कुणाची ते सांगतो. माऊलीची. तू त्याला बघितलंयस: फेटा, कानात बाळी. आमच्या बोत्रे आळीत तीस वर्षं लग्नाचं आवतण तोच देतो. दारात उभा राहून राम राम करतो, "चूलबंद यायचं बरं का" म्हणतो आणि पुढच्या दारी जातो. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचं. मी त्याला म्हटलं, "सभा आहे, सगळ्यांना सांग." त्याच्या लेखी सगळे म्हणजे बोत्रे. लोक फेटे बांधून आले, तिघांनी आहेर आणला. जेवण नाही हे कळल्यावर सभेला गंभीर वळण लागलं. आणि एकमतानं ठरलं काय, तर आळीच्या तोंडाशी, नगर रस्त्यावर, आमच्या पणजोबांच्या नावाची दगडी कमान. दोन हत्तींसकट.

मतांचे साठ चिंचोके, साठच्या साठ कमानीच्या मडक्यात. आमच्या सर्जेराव तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते माझे चुलते. वडील गेल्यापासून घरात त्यांचाच शब्द. माणसाला एवढा आनंद होत असेल तर तो लोकसहभाग नाही का?

उत्तर देऊ नकोस. म्हणजे, दे.

इंद्रजीत

१० नोव्हेंबर, वाघोली

अस्मिता,

मागच्या पत्रात एक दुरुस्ती. माऊलीला मी 'सगळ्यांना सांग' म्हटलं नव्हतं. 'दादाच्या लग्नाची यादी आहे ना तुझ्याकडे, तीच घे' असं म्हटलं होतं. मला तुला भरलेला हॉल दाखवायचा होता आणि हॉल भरायची मला तेवढी एकच रीत ठाऊक. माऊलीला दोष दिल्यावर दोन दिवस त्याच्याकडे बघवेना. झालं, लिहिलं.

आता सोसायट्यांचं. आळीच्या समोर जे चार टॉवर आहेत, तिथे मी रविवारी गेलो. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "कौनसे फ्लॅट में जाना है?"

मी म्हटलं, "सब में."

"डिलिव्हरी?"

"लोकशाही."

त्यानं हातातल्या मशीनमध्ये खरंच शोधलं. म्हणाला, "इस नाम का कोई नहीं रहता."

मग माझं डोकं सटकलं. तुला माहीत आहे ते कसं सटकतं. त्या टॉवरच्या जागी माझ्या आजोबांचा हरभरा असायचा, आणि मला तिथे आत जायला कुणाच्या तरी मोबाइलवर होकार यायला हवा! मी हे सगळं मोठ्यानं बोललो. हरभऱ्याचं जरा जास्तच झालं. तेवढ्यात एक मुलगी कुत्रं घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "एक्सक्यूज मी, तुम्ही हे कुणाला सांगताय? कारण तो बिहारचा आहे, त्याला हरभरा कळत नाहीये."

ही शेफाली. मूळची अकोल्याची, खराडीत कंपनीत आहे, सहा वर्षं इथे अकराव्या मजल्यावर भाड्यानं राहते. मी तिला सभेचं सांगितलं तर कुत्र्यासकट जागच्या जागी थांबली. "वेट. महापालिका मला विचारणार? मला? अहो, माझ्या घरमालकानं बाथरूमच्या टाइल्ससुद्धा मला न विचारता बदलल्या."

मी म्हटलं, "ताई, तुम्ही फक्त लोक आणा."

"लोक? लिफ्टमध्ये आम्ही एकमेकांकडे बघत पण नाही. लोक कुठून आणू?"

हे ऐकून मला जे वाटलं ते आनंदच होता. आमच्या आळीत माणसं आहेत पण एकाच आडनावाची. तिथे आडनावं शंभर आहेत पण माणूस माणसाला ओळखत नाही. दोन्हीकडे सभा होत नाही, आणि दोन्हींमध्ये फक्त एक रस्ता.

तू नसताना ऑफिसात बाई मला जास्तच बोलतात. काल म्हणाल्या, "आपण कॉलेज सोडलंत ते नेमकं कशासाठी?" मी तत्त्वासाठी म्हणालो. बाई म्हणाल्या, "तत्त्वाला कळवलंत का?" तुला खरं माहीत आहे. तिसऱ्या वर्षाला सरांनी वर्गाबाहेर जा म्हटलं, मी म्हटलं मीच चाललो, आणि मग परत ये असं कुणी म्हटलंच नाही. पुढच्या सोमवारी कॉलेजच्या गेटवर तू ते पोस्टर घेऊन उभी होतीस, 'तुमच्या भागातलं काम कोण ठरवतं?' माझ्या मनात तेव्हा जे उत्तर आलं ते नागरिकशास्त्रातलं नव्हतं.

इंद्रजीत

१९ नोव्हेंबर, वाघोली

अस्मिता,

तू कल्पना कर. माऊली लिफ्टमध्ये.

उपाय मलाच सुचला, आणि सुचल्यावर मी एवढा खूश झालो की बाईंना न विचारता करून टाकला. शेफालीनं आम्हा दोघांना आपले पाहुणे म्हणून आत घेतलं. माऊलीनं फेटा नवा बांधला होता. वरून सुरुवात. बाविसावा मजला, पहिलं दार. बेल वाजवायला तो तयार होईना. आवतण देणारा बेल वाजवत नाही, हाक मारतो. त्यानं हाक मारली, "राम राम घरातली मंडळी!" एकदम चार दारं उघडली. सहा वर्षांत त्या टॉवरमध्ये पहिल्यांदाच, असं शेफाली म्हणते.

"येत्या सात तारखेला, रईवारी, सकाळी धा वाजता, शाळंत सभा हाय. चूलबंद यायचं बरं का!"

एका काकूंनी विचारलं, "किसकी शादी है?" माऊली म्हणाला, "समद्यांची." आणि पुढच्या मजल्याला गेला. मी मागून धावत धावत खरं काय ते सांगत होतो. तेराव्या मजल्यापर्यंत आम्हाला तीन ठिकाणी चहा, एका ठिकाणी ढोकळा आणि एका आजोबांची एकाहत्तर सालातली विमानाची गोष्ट मिळाली. खाली उतरलो तेव्हा माऊली म्हणाला, "इंद्रा, एवढी माणसं हायती, आन आपन त्यांना कधी बोलीवलंच न्हाई की रं." वॉचमनलाही त्यानं आवतण दिलं. तो येतोय.

इकडे आळीत वेगळीच गंमत. दहाच बोत्रे म्हटल्यावर जागांसाठी भांडणं. तात्यांनी पाच पुरुष निवडले, कमानीचे कट्टर. पाच बायका कोण, तर तात्या म्हणाले, "कुणीबी घे, काय फरक पडतो." आईनं हळूच आपलं नाव सांगितलं.

आता एक गोष्ट हसण्यासारखी नाही, पण लिहितो. टॉवरच्या मागच्या जिन्याशी सरुबाई भेटल्या. पन्नाशीच्या असतील. लोहगावातून पहाटेच्या बसनं येतात, आमच्या आळीच्या तोंडाशी उतरतात, पाच घरांची कामं करून साडेचारला परत. मी विचारलं, "मावशी, या भागात काय व्हायला हवं?" तर म्हणाल्या, "मी साडेचार वाजेस्तवर पानी पीत न्हाई."

मला कळेना. म्हटलं, "का?"

"पिऊन जाऊ कुठं? पाच घरं, घराला दोन-दोन संडास. धुती मीच. पन त्ये माझ्यासाठी न्हाईत."

माझ्या तोंडावर आलं होतं की मावशी, बांधूच आपण, मी बांधतो, उद्याच. पण तुझी शिकवण आडवी आली, सभा चालवणाऱ्या संवादकानं स्वतःचं मत द्यायचं नाही. मी जीभ चावली, नुसतं 'सभेला या' म्हटलं आणि घरी येऊन अंगणातला ड्रम लाथाडला. तो रिकामा होता, आवाज फार झाला. मत न देणं हे माझ्यासारख्या माणसाला किती महाग पडतं याची भोपाळला बसून कल्पना यायची नाही.

इंद्रजीत

२८ नोव्हेंबर, वाघोली

अस्मिता,

तुझं पोस्टकार्ड आलं. 'चिंचोक्यांचं काय ते लिही. – अ.'

आधी मी ते कार्ड घेऊन आळीत एक चक्कर मारली. माऊलीला दाखवलं. तो म्हणाला, "लई थोडं लिवलंय." मी म्हटलं, तुला नाही कळायचं. मग ओळ परत वाचली आणि चक्कर थांबली.

लिहितो.

मत द्यायची पद्धत तू बसवलीस. तीन मडकी, मध्ये पडदा, प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका. एकेकानं आत जायचं, हव्या त्या मडक्यात टाकायचा. पुरुषांचं झालं. बायका मागे चहाच्या पातेल्याशी होत्या, लग्नात असतात तशा. अठ्ठावीस जणी. तात्या म्हणाले, "त्यांना आता कशाला उठीवतो, उरकून टाक." मी ओंजळीत अठ्ठावीस चिंचोके घेतले, पडद्यामागे गेलो आणि कमानीच्या मडक्यात ओतले.

एका माणसाच्या मताचा आवाज टप् असा येतो. माझा गारा पडल्यासारखा आला. तू पडद्याच्या पलीकडेच होतीस. तू विचारलंस, "काय झालं?" मी म्हटलं, "मडकं हललं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बाईंनी यादीवर बोट ठेवलं ते आडनावांसाठी. पण तू 'कळवते' म्हणालीस ते कशाबद्दल हे फक्त मला कळलं होतं. म्हणून तर मी एवढा ओरडलो. "तू प्रोजेक्टपुरती आलीस, प्रोजेक्ट संपला की जाशील. ही माझी माणसं आहेत, मला शिकवू नकोस." बघ, लिहिलंच शेवटी. माझी माणसं म्हणताना त्यातल्या अठ्ठावीस जणींना मी काही विचारलं नव्हतं. त्यातली एक माझी आई.

आणि तू दिल्लीला फक्त आडनावांचं लिहिलंस. चिंचोक्यांचं नाही लिहिलंस. बाईंनी मला तुझा अहवाल काल वाचायला दिला. का नाही लिहिलंस ते मी विचारत नाही. मीच सांगावं म्हणून असेल, तर आता तुला सांगितलं. एवढ्यावर भागेल का?

इंद्रजीत

७ डिसेंबर, वाघोली

अस्मिता,

नाही भागलं.

बहात्तर माणसं आली. दहा बोत्रे, चाळीसेक टॉवरवाले, बाकी कामाला येणारे, दुकानदार, वॉचमन. बायका एकेचाळीस. चहा बाहेरून मागवला, बाईंची ताकीद होती. त्या स्वतः पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "आज आपण कमी बोललात तर बरं. म्हणजे नेहमीच बरं, पण आज विशेष."

कामं तीन: कमान, रस्त्याच्या कडेला दिवे आणि बाक, किंवा बायकांसाठी स्वच्छतागृह. जागा सगळ्यांना तीच, आळीचं तोंड.

तात्या उठले. पांढरा शर्ट, हात पाठीमागे. "ही समदी जमीन आमच्या पणजोबांची. टावर आलं, रस्ता आला, आमी काय बोललो का? आमचं नाव तरी ऱ्हाऊ द्या. आन आळीच्या तोंडाला संडास? पाव्हनं येतील तर काय म्हनतील?"

सरुबाई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "पाव्हन्यांनाबी लागती की."

हॉल असा हसला की वॉचमनला अर्थ विचारावा लागला. पण अस्मिता, तात्या नुसते हट्टानं बोलत नव्हते. त्यांचा आवाज एकदा कापला. शेफाली उठली आणि तिनं मात्र त्यांना हसून नाही उत्तर दिलं. म्हणाली, "काका, मला सहा वर्षांत हेच माहीत नव्हतं की इथे तुमचं शेत होतं. कुणी सांगितलंच नाही. नाव राहायला हवं, मान्य. पण माझ्याकडे काम करणाऱ्या मावशी दिवसभर पाणी पीत नाहीत, हेही मला आजच, त्यांच्या तोंडून कळलं. मला लाज वाटतेय." सरुबाई तिच्याच घरी जातात. मलाही तेव्हाच कळलं.

मग आई उठली.

आई कधी चारचौघांत बोललेली मी ऐकलेली नाही. पदर नीट करून म्हणाली, "मला येक इचारायचंय."

तात्या म्हणाले, "वैनी, बसा की."

आई बसली नाही. "मागच्या खेपंला साठ चिंचोकं निघालं म्हनं. मी तर च्या करत व्हते. मग माझा चिंचोका कुनी टाकला?"

मागच्या चौघी जणी म्हणाल्या, "आन माझा?" "माझाबी."

मी समोर मार्कर घेऊन उभा. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, तात्या सोडून. ते डोळ्यांनी सांगत होते, मडकं हललं म्हण. मी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "संवादकानं मत द्यायचं नसतं. ही माहिती आहे. द्या."

मी म्हणालो, "मी टाकला. सगळ्यांचे. अठ्ठावीस."

आई म्हणाली, "कशात?"

"कमानीत."

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. लहानपणी मी परीक्षेत पहिला आलो असं खोटंच सांगून पेढे वाटायला लावले होते, तेव्हा बघितलं होतं तसं. म्हणाली, "इंद्या, इचारायचं तरी." आणि टेबलावरचा एक चिंचोका उचलून सरळ पडद्यामागे गेली. सगळ्यांच्या आधी.

टप्.

मग रांग लागली. रांगेत सरुबाईंच्या मागे तात्या, तात्यांच्या मागे ते विमानवाले आजोबा. माऊली पडद्यातून बाहेर आला तो दोन्ही हात वर करून, माझ्या हातात काही उरलं नाही हे सगळ्यांना दाखवत. मडकी सगळ्यांसमोर पालथी केली. स्वच्छतागृहाला सेहेचाळीस. दिवे आणि बाक बावीस. कमानीला चार.

कट्टर पाच होते, हे लक्षात घे. पाचवा कोण यावर आळीत आत्ता, हे पत्र लिहिताना, बाहेर वाद चाललाय.

मी निकाल वाचला, आभार मानले, एकही मत दिलं नाही. घरी आल्यावर आईनं मला जेवायला वाढलं आणि म्हणाली, "त्या पेठंतल्या पोरीला सांगितलंस का आजचं?" मी म्हटलं, सांगतोय.

इंद्रजीत

९ डिसेंबर, नारायण पेठ, ऑफिस

अस्मिता,

काल संध्याकाळी तुझा फोन आला. माझ्या स्क्रीनवर तुझं नाव! मी नगर रस्त्याच्या कडेनं चाललो होतो, एका टेम्पोनं मला जागा दिली नसती तर संवादक गेलाच होता.

तू विचारलंस, "धापा का टाकतोयस?" मी म्हटलं, जिना चढलो. जिना नव्हता. तू म्हणालीस, बाईंनी तुला सभेचं सगळं सांगितलं, अहवाल उद्याच दिल्लीला जायला हवा, तो तुझ्याकडेच आहे ना? मी म्हटलं, हो, अगदी जवळ आहे. हे खरं होतं. मग तू विचारलंस, "घरी सगळं ठीक?" आणि मी म्हटलं, एकदम. शेवटी तू म्हणालीस, "बाकी?" मी म्हटलं, बाकी काही नाही. एवढी वाट बघून फोन आला आणि मी म्हटलं बाकी काही नाही! पत्रात मला बोलता येतं, फोनवर मी हरभरा न कळलेला वॉचमन होतो.

तर बाकी हे.

तुझा फोन यायच्या वीस मिनिटं आधी मी घरी पुढच्या खोलीत अहवालावर शेवटची सही करत होतो. तात्या आले, सोबत भावकीतले तिघं. बसले. आईनं पाणी आणलं. तात्या प्रेमानं बोलायला लागले तेव्हाच मी सावध झालो.

"इंद्रजीत, त्या कागदात काय काय लिवलंय?"

"झालं ते."

"मग आनिक येक वळ टाक. सभंत गोंधळ झाला, एकमत झालं न्हाई, निर्नय पुढं ढकलला. खोटं कुठं हाय? लोक हसलेच की."

"हसणं म्हणजे गोंधळ नाही, तात्या."

"ऐक. तुज्या कालेजचा विश्वस्त माझ्या पंगतीतला. जानेवारीत परत बसवतो तुला वर्गात. तिसरं वर्ष पुरं कर, विंजिनेर हो. तुज्या बापाची इच्छा व्हती ती. येका वळीचा परश्न हाय."

त्यांनी माझ्यापुढे पेन ठेवलं. माझ्याच खिशातलं, मी टेबलावर ठेवलेलं.

तुला वाटत असेल मी ओरडलो. शपथ घेऊन सांगतो, ओरडलो नाही, आणि मलाच त्याची भीती वाटली. कारण तात्या वाईट नाहीत. लहानपणी मला खांद्यावर घेऊन त्या हरभऱ्यातून तेच फिरवायचे. त्यांना फक्त चार चिंचोके सहन होत नाहीयेत. आणि कॉलेज मला हवंय, अस्मिता. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, तत्त्वालाही नाही. रोज गेटवरून जाताना मी मान वळवतो.

मी म्हटलं, "तात्या, कॉलेजात मी स्वतः जाऊन सरांची माफी मागेन. घेतलं तर घेतलं."

"आन ही वळ?"

"ही ओळ लिहिली तर सेहेचाळीस जणांचे चिंचोके मी परत ओतले असं होईल. एकदा ओतलेत."

एक जण म्हणाला, "पोरगं पेठंत जाऊन शेफारलं." दुसरा म्हणाला, "पोरीपायी." तात्या उठून उभे राहिले. "मग त्यो कागद घिऊन या घरातनं बाहेर पडायचं न्हाई. पडलास तर परत येताना इचार करून ये."

मी आईकडे बघितलं. ती पाण्याचे तांबे गोळा करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "जेवायला किती वाजता येशील?"

"नऊपर्यंत."

"भाकरी करून ठेवते."

तात्या "वैनी" म्हणाले आणि परत खाली बसले. मला त्यांचं वाईट वाटलं. मी पेन खिशाला लावलं. अहवाल शर्टाच्या आत घातला, पाठीशी, चुरगळू नये म्हणून. त्यांच्या पायांशी वाकून नमस्कार केला. आशीर्वाद आला नाही, पाय मात्र मागे घेतले नाहीत. उंबऱ्याशी चपला घातल्या, एक पट्टा लागेना, तसाच ठेवला. मी बाहेर आलो आणि दार हळूच लावून घेतलं.